शैलाच्या नावचे कलम

देवबापाला स्मरून मी, अग्नेस सुका वरठा, वय सव्वीस, अविवाहित, धंदा शिवणकाम, राहणार बोईसर, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप मात्र नाही. तिच्यासाठी पुढच्या आठवड्यात मुंबईला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरले आहे, पण कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही.

कलम १. घराला जोडून मी माझ्या कमाईतून बांधलेली खोली आई मंगळी हिची. भाऊ जिव्या याने ती कंपनीतल्या कामगारांना भाड्याने द्यायची तर आईला विचारावे, आणि आई ‘बघू’ म्हणाली तर ते ‘हो’ समजू नये.

कलम २. पोस्टातली शिल्लक आईच्या औषधपाण्यासाठी. त्यातून माझ्या दफनाला बँड आणू नये. जिव्याला बँडची हौस आहे; ती त्याने स्वतःच्या लग्नात भागवावी.

कलम ३. कात्र्या, टेप आणि कोळशाची इस्त्री माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायडीला. मोठी कात्री शेजारच्या गोदूबाईंनी एकदा झावळ्या कापायला नेली होती. मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे, तरी कात्री त्यांना पुन्हा देऊ नये. अर्धवट शिवलेल्या कपड्यांवर मापांच्या चिठ्ठ्या टाचल्या आहेत. मिशनच्या देवळातल्या वेदीच्या कापडाची एक कड अजून दुमडायची आहे.

कलम ४. माझे शिवणयंत्र धाकटी बहीण शैला हिला. तिने शिरगावच्या शांताराम तामोरे या हिंदू मच्छीमाराशी देवळाबाहेर लग्न केले, तेव्हा जिव्याने तिला उंबरा बंद केला आणि आम्ही गप्प राहिलो. आमच्यातला दुरावा मिटावा म्हणून हे यंत्र

येथे लिखाण थांबले. पुढे कोणी शंका काढू नये म्हणून कारण लिहिते.

शस्त्रक्रियेचे ऐकून शैला आज सकाळी अचानक आली. लग्नानंतर पहिल्यांदाच. आईने तिच्या हातात सूप दिले. “बरी आलीस. तांदूळ निवड.” आमच्यात पाहुण्याला पाणी देतात, घरच्या माणसाला काम देतात. आईने तिला घरची मानले होते. शैला पदर खोचून बसली. मधे एकदा म्हणाली, “अग्नेस, जरा बोलायचं हाय.” मी म्हणाले, “एवढं कलम होऊ दे.” एवढं कलम मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले.

“कोणाच्या नावचं लिहितेस?” तिने विचारले.

“तुझ्याच.”

“मी तर इथंच हाय,” ती म्हणाली. “कागदाकडं काय बघतेस?”

मी पेन ठेवले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. ती तांदळात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली की पावसाळ्यात तिचे पोटातले मूल गेले. सासू चांगली आहे, शांताराम चांगला आहे, पण तिला आईजवळ रडायचे होते. आईने चुलीवरचा टोप उतरवला आणि ओल्या हातांनी तिला जवळ घेतले. भात त्यानंतर शिजलाच नाही.

पुष्कळ वेळाने आई म्हणाली, “मला काय ठाऊक? मी आपलं सूप दिलं.” शैला रडता रडता हसली. “बाबा सांगायचे, प्रभू दाराशी आला तर आई त्यालाही तांदूळ निवडायला बसवंल.”

“बसवीनच,” आई म्हणाली. “घरचाच हाय ना तो.”

आमचे बाबा वाडीवर प्रार्थना शिकवत. आम्हा दोघींना अक्षरेही त्यांनीच शिकवली. येणारा प्रत्येकजण प्रभूच असतो असे ते म्हणत, आणि मला ते तोंडपाठ होते. प्रभू सकाळपासून दमून बसला होता आणि मी मृत्युपत्राची अक्षरे वळणदार काढत होते.

दुपारी पालघरहून वकिलांकडे लिहिणारे वामनराव साक्षीला आले. दुसरी साक्ष गोदूबाईंची ठरली होती. शैला म्हणाली, “मी करते सही.”

वामनराव म्हणाले, “ताई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मशीन जाईल तुमचं.”

“साक्षीला हिच्यासमोर बसावं लागतं ना?”

“लागतं.”

“मग मी बसते.”

म्हणून कलम ४ रद्द. खाडाखोडीवर माझी सही आहे. यंत्रही बायडीला. साक्ष हुकली म्हणून गोदूबाईंना राग येईल, त्यांची समजूत आईने काढावी.

कलम ५. माझ्या मिसेनंतर, म्हणजे माझ्यासाठी देवळात होणाऱ्या प्रार्थनेनंतर, घरी येणाऱ्या कोणालाही लगेच कामाला लावू नये. आधी बसवावे, विचारावे, त्याचे बोलणे संपू द्यावे. जेवायला उशीर झाला तरी चालेल. आईला हे जमणार नाही, पण तिने प्रयत्न करावा. मी बरी होऊन परत आले तरी हे कलम लागू राहील.

हे सर्व मी वाचून पाहिले व ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

ठिकाण: बोईसर
तारीख: ९ डिसेंबर १९८८

(सही) अग्नेस सुका वरठा

अग्नेसने आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही तिच्यासमोर बसून साक्ष घातली:

१. (सही) शैला शांताराम तामोरे, राहणार शिरगाव
२. (सही) वामन महादू राऊत, राहणार पालघर

साक्षीदार क्रमांक एक हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, हे तिला वाचून दाखवले आहे.