पंच्याऐंशीच्या घरातली फणी

मुरबाड, ता. ११ डिसेंबर १९३८

तीर्थस्वरूप देवजीदादांस,

धाकट्या मावसभावाचा, म्हणजे महिपतचा, साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात मी ‘खोकला बरा झालाच असेल’ असे लिहून बसलो. नंतर मनात आले, हे मला मुरबाडात बसून कसे ठाऊक? तेव्हा ते वाक्य मागे घेतो. वहिनींना नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे (‘सर्व’ या शब्दाबद्दल पुढे लिहिणार आहे).

आमच्या शाळेला शास्त्राचा वर्ग मिळावा म्हणून दोन वर्षे अर्ज चालले आहेत, हे तुम्हांला माहीत आहेच. वर्ग मिळाला नाही तर अकरा मुलांना पुढे कल्याणला जावे लागेल. त्यांतली तीन जातील. बाकीची आठ नांगर धरतील. गुरुवारी तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब येणार असे कळले आणि शाळेत शास्त्राचे म्हणून काय आहे ते मी पाहू लागलो. एक लोहचुंबक, एक फुटकी नळी आणि तुम्ही दिलेले जुने पुस्तक, एवढेच निघाले. त्या पुस्तकात मूलद्रव्यांचा तक्ता आहे, पण तळहाताएवढा. तो भिंतीवर मोठा करून काढायचे मी ठरवले. दोरी लावून सुरुवात केली, पण माझी रेघ सरळ जाईना. हायड्रोजनचे घर शिशाच्या तिप्पट झाले. हायड्रोजन सर्वांत हलका असताना हे बरे दिसेना.

शेवटी डोळखांबकडच्या पाड्यावरच्या राहीला बोलावणे धाडले. लग्नघरी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहायला तिलाच नेतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठात बुडवलेली बांबूची काडी ती अशी ओढते की पट्टी लाजावी. तिला अक्षर येत नाही, पण पुस्तकातली अक्षरे तिने नक्षीसारखी हुबेहूब उतरवली. प्रत्येक घराशी थांबून मात्र विचारायची, “गुरुजी, ह्यो कोण?” लोखंड, तांबे, पारा तिच्या ओळखीचे निघाले. हवेत असतात पण दिसत नाहीत त्यांच्याबद्दल तिने एक शंका घेतली नाही (माझ्या वर्गातली मुले घेतात). अडली ती पंच्याऐंशी आणि सत्त्याऐंशी या दोन रिकाम्या घरांशी.

“ह्या घरात कोण ऱ्हातो?”

अजून कोणी सापडलेला नाही, असे मी खरे ते सांगितले.

“मं घर कशाला बांधलाय?”

दादा, मी पदवीधर आहे. शेजारच्या घरांवरून तो कसा असेल ते कळते, वजन किती, स्वभाव कसा, एवढे मी म्हणालो. राही हसली. “मं ही तं सोयरीकच झाली. नवरा नाय पाह्यला नि शेजाऱ्याला इचारून पोर दिली!” आणि मग गंभीर होऊन म्हणाली की चौकात रिकामे घर ठेवायचे नाय, भलताच येऊन बसतो.

मी निक्षून सांगितले, ठेव रिकामे. ती “बरा” म्हणाली. गुरुवारी सकाळी जाऊन पाहतो तर, लग्नाच्या चौकात काढतात तशी, पंच्याऐंशीत फणी आणि सत्त्याऐंशीत शिडी!

मी ओला फडका घेतला. गेरू सुटला, शेजारच्या पोलोनियमच्या अक्षराचा एक पाय गेला, फणी होती तशीच. राहीने फडका ओढून घेतला. “चौक पुसला तं लगीन मोडतं, गुरुजी!” कोणाचे लगीन, याचा विचार करत मी उभा राहिलो (खरोखरच केला, बराच वेळ), तोवर साहेबांची मोटार दारात आली.

साहेबांनी तक्ता पाहिला. फणीशी थांबले. मी फणीकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले. “नवीन संशोधन दिसते. आमच्या वेळी ही घरे रिकामी होती,” असे म्हणून ते घाईने पुढे सरकले. मी तोंड उघडले होते, ही गोष्ट मी रोजनिशीत नोंदवली आहे; पण त्यातून शब्द निघाला नाही, हेही नोंदवले आहे. दारात राही उभी होती. फणीकडे बोट करून तिला त्यांनी सहज विचारले, “काय बाई, ह्याचं नाव काय?”

“नाव गुरुजीला पन ठावा नाय, सायेब. येल तव्हा सांगंल.”

साहेब मोठ्याने हसले आणि शेरेबुकात लिहून गेले, ‘तक्ता अद्ययावत. शास्त्राच्या वर्गास शिफारस करतो.’

त्या दिवसापासून मी गोंधळलो आहे. मी खोटे बोललो का? बोललोच नाही. मग खोटे कोण? फणी? पण राहीने जे सांगितले ते तर तुमचे पुस्तकही सांगते, कोणीतरी येणार आहे आणि त्याचे नाव ठाऊक नाही. तिने सत्य सांगितले, साहेबांनी असत्य लिहिले, आणि मधे मी उभा होतो. अकरा मुलांच्या घरी गूळ वाटला गेला. मलाही दिला. मी खाल्ला.

आपला,
महिपत

ता. क. त्या दोन घरांत अलीकडे कोणी सापडले आहे का, हे तुमच्या कॉलेजात विचारून कळवावे. एक जरी सापडला असला तरी माझे निम्मे ओझे उतरेल.

ता. क. दुसरा. सोबत साहेबांच्या नावे पत्र आहे. त्यात फणी, शिडी, ओला फडका, सारे कबूल केले आहे. मी टाकायला गेलो तर वाटेतून परत येईन, म्हणून तुमच्याकडे धाडतो. वाचा. योग्य वाटले तर तुम्हीच टपालात टाका. वर्ग गेला तर मी तक्रार करणार नाही.

ता. क. तिसरा. त्या पत्रावर पत्ता घालायचा राहिला आहे, आणि साहेबांचे नाव दोन्ही पत्रांत कुठेच आलेले नाही. खोटे लिहीत नाही, दादा: हे ध्यानात आले तेव्हा पाकीट उघडेच होते. आता ते चिकटवतो.