मालिश केंद्राची थर्ड पार्टी

नांदेड, ४ जानेवारी २०२५

ती. दादास,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवर उलट बोललं की तू निळ्या खुणा दाखवून गप्प बसतोस, म्हणून पोस्टानं लिहून राहिले. माझ्या मालिश केंद्रासाठी तू काढलेला विमा वाचला. गिऱ्हाईक पडलं, मोडलं तर भरपाई कंपनी देणार! दादा, माझ्याकडं बाळंतिणी आणि गुडघेदुखीच्या बाया येतात, पैलवान न्हाई. पण तुझं एजंटाचं टार्गेट बहिणीवाचून अडलं म्हणून सही केली.

वहिनींना नमस्कार. माया अशीच असू दे, पॉलिसी मात्र आणखी नको.

तुझी दीपमाला

लातूर, १४ जानेवारी

चि. सौ. दीपमाला हिस अ. उ. आ.

सहीबद्दल कंपनी आभारी आहे. मोटारसायकलीला थर्ड पार्टी लागते, तशी तेलकट हातांनाही लागते, हे तुला कधी कळणार? असो. माझ्या सासूबाई, उदगीरच्या नागम्मा, कंबर धरून बसल्यात. त्यांना डॉक्टर पटत नाहीत, जावई तर मुळीच नाही. तुझ्याकडं पाठवतोय. जपून. त्या जातील तिथं तक्रार ठेवून येतात.

तुझा, कागदोपत्री काळजी घेणारा,
अमरेशदादा

नांदेड, २ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या सासूबाई पडल्या. कंबर मोकळी झाली म्हणून खुशीत टेबलावरून उतरल्या. खाली तेल सांडलं होतं, मी पुसलं नव्हतं. मनगट मोडलं. दवाखान्यात सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या की जावयाच्या बहिणीवर केस टाकते. हसून घे. तुझ्या पॉलिसीवर क्लेम आला, तोही घरचाच.

पण दादा, काल एका बाळंतिणीच्या पाठीला हात लावला आणि हात थरथरायला लागले. तिला परत पाठवून कुलूप लावलं. आता हे काम माझ्यानं होईलसं वाटत न्हाई.

राग धरू नकोस.
दीपमाला

लातूर, २३ फेब्रुवारी

चि. सौ. दीपमाला हिस अ. उ. आ.

हसलो नाही. सासूबाई प्लास्टर घेऊन आमच्याकडं आहेत. कंपनीचा माणूस चौकशीला आला, तेव्हा जावई, भाऊ आणि एजंट असे तिघं मी एकाच खुर्चीत बसलो. जन्मभर दुसऱ्याची चूक काढणाऱ्या बाईनं नेमकी त्याच दिवशी पलटी मारली. म्हणाल्या, पोरीचा कसूर न्हाई, मीच आंधळ्यावानी उतरले. तुझा कसूर नसला तर क्लेमही नसतो, हे त्यांना कोण सांगणार? बरं झालं, तू कंपनीच्या माणसाला फोनवर तेलाचं खरं ते सांगितलंस. दवाखान्याचा खर्च मंजूर झाला.

कुलूप उघडायची पॉलिसी मात्र माझ्याकडं नाही गं. जेवत जा.

दादा

नांदेड, २१ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

नागम्मामावशी काल न कळवता एकट्या आल्या. मला केंद्र उघडायला लावलं. प्लास्टर निघालेला, वाळून गेलेला हात माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाल्या की मोडला तुझ्याकडं, आता चोळ पण तूच. मी म्हटलं, हात थरथरतात. तर म्हणे, थरथरू दे, माझाही थरथरतो. चोळता चोळता माझे कधी थांबले, कळलंच न्हाई. दोघी रडलो. त्या अर्थात दुखतंय म्हणून.

जाताना गल्लीत सांगून गेल्या की इथं बिनघोर पडा, कंपनी देते. आज सकाळपासून गल्लीतल्या दोघी बाया येऊन बसल्यात आणि कुठं पडायचं ते विचारून राहिल्यात.

लोभ होता तसाच राहो.
तुझी दीपमाला