रांगेत अडकलेली मेल

बाई,

परवा बँकेतून परतताना तुमच्या जुन्या घरावरून आले. नव्या लोकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवली आहे. त्या खिडकीशी, ओट्याच्या कडेला, तुमचा लॅपटॉप असायचा, आणि त्याच्या बटणांवर कायम पीठ. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. आपला झाडांचा ईमेल गट अजून चालू आहे, एवढंच कळवायला बसले होते. पण तेवढ्यावर भागेल असं दिसत नाही.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर तुम्ही तो गट काढलात. रानातलं झाड, वेल, गवत ओळखता आलं नाही की फोटो काढून मेल टाकायची, कुणीतरी नाव सांगायचं. सदस्यांची मेल थेट जायची. अनोळखी पत्त्यावरून आलेली, किंवा स्पॅमच्या गाळणीला संशय आलेली, रांगेत अडकून राहायची. ती रांग बघणारे आपण तिघं: तुम्ही, गटातले पुण्याचे काका आणि मी, तुमची जुनी विद्यार्थिनी. माझ्या वाढदिवसाला तुम्ही म्हणालात, "यंदा साडी नाही, हे घे," आणि कानात मॉडरेटरचा पासवर्ड सांगितलात. कुठल्याशा गवताचं लॅटिन नाव, मुद्दाम एक अक्षर चुकवलेलं. "बॉटनीवाल्याला जन्मात सुचायचं नाही," म्हणून स्वतःच हसत बसलात.

तो रविवार मला अजून तसाच दिसतो. तुम्ही घावनं घालताय, मी रांग बघतेय. लॉटरी, टकलावर केस, घरबसल्या कमाई. मी सगळ्यांवर एकदम खूण केली आणि सगळं कचऱ्यात टाकलं. तुम्ही मागे न वळता विचारलंत, "सगळं वाचलंस?"

"विषय वाचले, बाई."

तुम्ही गॅस बंद केलात. "एकेक उघडून बघायचं गो," तुम्ही म्हणालात. "फुकटची हमाली आहे, कबूल. पण कुणी फोटो काढून, रेंज शोधत पाठवला असेल नि आपण तो फेकला, तर ते माणूस परत विचारायला येईल का?" कचऱ्यातून सगळी मेल तुम्ही परत आणवलीत. तव्यावरचं घावन तोवर करपलं होतं.

त्या ढिगात ती मेल होती. संगमेश्वराकडच्या एका बाईंची, मुलाच्या फोनवरून आलेली. मराठीच, पण सगळी इंग्रजी मोठ्या अक्षरांत. विषयाची जागा रिकामी, मजकुरात औषध आणि गुडघेदुखी. गाळणीने अडवली यात नवल नव्हतं. बांधावर चौकोनी देठाची वेल आहे, सासू वाटून लावायची, ती गेली आणि नाव तिच्याबरोबर गेलं, असं त्यात होतं. "कांडवेल," तुम्ही फोटो बघताक्षणी म्हणालात आणि हात न धुताच उत्तर लिहायला बसलात. कच्ची लावलीत तर खाज सुटेल, हेही लिहिलंत. पुढे काही वर्षं त्या दर पावसाळ्यात काही ना काही पाठवत राहिल्या. तुम्ही दोघी कधी भेटला नाहीत. मग मुलगा आखातात गेला, फोन त्याच्याबरोबर गेला, आणि त्यांची मेल थांबली. दवाखान्यातसुद्धा तुम्ही मला विचारायचात, रांग बघितलीस का, त्यांचं काही आलंय का. नाही म्हटलं की डोळे मिटून घ्यायचात.

आता रांग फार वाढली आहे, बाई. स्पॅमसुद्धा शुद्ध मराठीत येतं, आम्हा विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध. काका थकलेत. गेल्या महिन्यात त्यांनी फोन करून सांगितलं, "अनोळखी पत्त्यावरून आलेलं सगळं आपोआप पुसून टाकू. सोमवारपासून. माझे डोळे चालत नाहीत आता." मी हो म्हटलं. मलाही कंटाळा आला होता. त्याआधीच्या शनिवारी दुपारी शेवटचं म्हणून एकेक उघडत होते, आणि एका नव्या पत्त्यावरून आलेली मेल दिसली. नातीने लिहून दिलेली. एका पानाचा फोटो, आणि खाली: आजी विचारते, बाई, हे काय? शेवटी फोन नंबर.

संगमेश्वराकडच्या त्या बाईच असणार, मला वाटलं. मग फोन लावला. नातीने आजीकडे दिला.

"बाई बोलतायत?"

"नाही हो. मी त्यांची विद्यार्थिनी. बाई गेल्या. सात वर्षं झाली."

त्या म्हणाल्या, "मना कोनी सांगलान नाय." आणि लगेच, "मग आता मी कोनाला इचारू?"

"मला विचारा."

"तुमाला येतंय त्यातलं?"

"थोडंसं," मी म्हटलं, आणि माझा आवाज फुटला. त्याच मला म्हणाल्या, "असूं दे, रडू नको गो." तुमच्यानंतर मला असं गो म्हणून कुणी बोललं नव्हतं. पान उलटं करून परत फोटो काढायला सांगितला. तोही आला. मला नाव आलं नाही. गटावर टाकला, गुहागरच्या एका शिक्षकाने संध्याकाळी ओळखला. काकांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नको तो पुसायचा नियम. मोठी अक्षरं करून घेतो, एक दिवसाआड मी बघतो."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमचा मेलचा पत्ता केव्हाच बंद झाला आहे. गटाची मेल तिथून परत येते. पाच-सहा वेळा परत आली की यंत्रणा ते नाव आपोआप बंद करते. काकांना वाटतं मी तुम्हाला सदस्यांतून कधीच काढलं. मी काढलेलं नाही. दर वेळी बंद झालं की आत जाऊन तुमचं नाव पुन्हा चालू करते.