तात्पुरत्या डेटाबेसवरचा विजय

सोमवार, ३ मार्च
पुन्हा तीच बोंब. डिस्पॅचचा रिपोर्ट निघेपर्यंत चहा पिऊन होतो. बोईसरच्या या केमिकल कंपनीत डोकं असलेला माणूस एकच आणि तो आयटीत बसतो. ठरलं. या आठवड्यात डेटाबेसमधून हा रिपोर्ट काढणारी क्वेरी नव्याने लिहायची. मदत कुणाची नको. घ्यावी असं आहे कोण?

मंगळवार, ४ मार्च
लॅपटॉपवर कंटेनर उभा केला. मॅनेजर मितेशभाईंनी विचारलं, हे काय? त्यांना पेलेल अशा भाषेत सांगितलं, हा तात्पुरता डेटाबेस, चाचणी झाली की फेकून द्यायचा, खऱ्याला धक्का नाही. ते म्हणाले, छान. म्हणजे कळलं नाही.

दुपारी दहा ओळींचा डेटा टाकून क्वेरी चालवली. बोट उचलायच्या आत उत्तर.

ज्युनियर प्रियंका मागून डोकावली. म्हणे, सर, खऱ्या डेटाबेसमध्ये लाखो ओळी आहेत, त्याची कॉपी घालून बघा ना. या मुलीला विहिरीचं पाणी गोड आहे का हे बघायला अख्खी विहीर प्यायची असते.

बुधवार, ५ मार्च
कॉपी घालणार होतो. पण वेळ लागतो, लॅपटॉप तापतो आणि प्रियंकाला वाटेल तिचं ऐकलं. रद्द. कंटेनर उडवून टाकला. मितेशभाईंना कळवलं, उद्या खऱ्या सर्व्हरवर चढवतो.

गुरुवार, ६ मार्च. सकाळ
क्वेरी चढवली. चालू आहे.

जरा वेळाने
अजून चालूच आहे. मोठा डेटा, तिला विचार करू दे.

दुपार
सर्व्हर अडकला. गेटपास याच रिपोर्टवरून निघतात, तेही निघेनात. गेटवरून वॉचमन वामनचा फोन, "सायेब, टँकर पार मेन रोडपर्यंत लागलेत. पास नाय तं सोडू कसा? एकाच्या बायकोला दवाखान्यात नेलंय, तो सारखा इचारतोय."
वामनला क्वेरी काय समजावणार? नेटवर्क गेलंय म्हणालो.

संध्याकाळ
प्रियंकाने माझी क्वेरी बंद केली. जुनी मी सकाळीच पुसली होती, म्हणून पास अजून बंदच. स्वतःच्या लॅपटॉपवर कंटेनर उभा करून पूर्ण कॉपी घातली आणि तिथे माझी क्वेरी दुरुस्त करत बसली. चोरी माझ्याच कल्पनेची. मितेशभाई आवाज न चढवता म्हणाले, "कमलाकांतभाई, हिचं होईपर्यंत तुम्ही गेटवर बसा. पास हाताने लिहा."
फील्डचा अनुभव. मला हवाच होता.

शुक्रवार, ७ मार्च
रात्रभर गेटवर. सुरुवातीचे पास वाया, कार्बन उलटा घातला होता. वामनने दुसरा कार्बन सुलटा घालून दिला.

बायको दवाखान्यात असलेला तो ड्रायव्हर पहाटे खिडकीशी आला. मुलगी झाली म्हणाला. फोनवर तिचं रडणं त्याने ऐकलं, इथेच, रांगेत उभ्या टँकरमध्ये. त्याचा पास लिहिला, गाडीचा नंबर चुकला, खोडून परत लिहिला. तो खिडकीतून वाकून बघत होता.

"नए आए हो, भैया?"

मी म्हणालो, हो.