आत्याबाई रानडुकरांत दाखल

अल्लीपूर

चंदनदादा आणि हर्षावहिनींना कैलासचा नमस्कार.

सुतक फिटले आहे, त्यामुळे वर 'श्री' घालायला हरकत नव्हती. हातच थांबला, म्हणून राहू दिले. इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची कणकण गेली असेल. बाबांच्या तेरवीला तुम्ही शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिलात, त्याबद्दल वेगळे लिहीत नाही. आत्या (म्हणजे तुमच्या मातोश्री) तेरवीच्या दुसऱ्या दिवशी गिरडला निघणार होती, ती अजून इथेच आहे, आणि तुम्ही माझ्या मोबाईलवर फोन केला की तो कुणी उचलत नाही. दोन्हींचे कारण एकच. ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोन तिच्याकडे असतो. तरी तिला न्यायला लवकर यावे, यासाठी हे पत्र.

मी मोबाईलवर लढाईचा एक खेळ खेळतो, हे तुम्हाला माहीत आहे. (बाबा त्याला 'कैलासची दुसरी ड्यूटी' म्हणत.) त्यात गिल्ड असते. गिल्ड म्हणजे एकत्र लढणारी टोळी. आपापल्या घरी बसलेली माणसे कानात यंत्र घालून एकमेकांशी बोलत लढतात. आमच्या गिल्डचे नाव 'रानडुकरं', कारण आम्ही दुसऱ्याच्या किल्ल्यात शिरून खातो कमी आणि नासधूस जास्त करतो. तिथे टिकणे अवघड असते. बाकीचे रोज पुढे जातात आणि जो मागे पडला त्याचे नाव काढून टाकतात. मी कमी बोलणारा माणूस. देवळीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत बाटल्या धुऊन घरी आलो की बाबा आणि ही मंडळी, एवढेच माझे बोलणे. त्यातले बाबा गेले. उरलेल्यांतून तरी नाव कटू नये, एवढीच माझी खटपट होती.

सुतकातच मोठी मोहीम लागली. मी भिंतीकडे तोंड करून राक्षस मारत होतो, तर आत्या मागे येऊन उभी.

"काऊन रे, मेलेल्या माणसाच्या घरात तू माणसं मारून राह्यला?"

मी म्हटले, माणसे नाहीत, राक्षस आहेत.

"मंग? राक्षसाले माय नाई?"

खेळ सोडला तर नाव कटेल, हेही तिला सांगितले. तिने सुपारी कातरत विचार केला आणि निर्णय दिला, की सुतकात मारणे चालत नाही, पण आजाऱ्याला पाणी पाजायला सुतक आडवे येत नाही. तेव्हा मी तलवार ठेवून वैद्य झालो. (खेळात तशी सोय आहे. लढणारे जखमी झाले की वैद्य मागून त्यांना बरे करतो. हे काम कुणाला नको असते.)

आत्या शेजारी बसू लागली. घरभर नातवंडे वाढवलेली बाई. खरा कोण पडला आणि सोंग कोण करतो हे तिला लांबून कळते. मला कळेपर्यंत माणूस मेलेला असे. "तुह्या हातानं तं अंगारा बी लागत नाई," असे म्हणून तिने एक दिवस फोनच काढून घेतला.

त्याच दिवशी आमची दुसऱ्या एका गिल्डशी लढाई होती. आम्ही जिंकत आलो होतो. शत्रूचा सेनापती गुडघ्यावर आला आणि आत्याने त्याला बरे केले. शत्रूला बरे करता येते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते. तो उठला आणि त्याने सगळी रानडुकरं कापली.

आमचे पुढारी धम्मदीप (चंद्रपूरचे, भले गृहस्थ) फोनमधून ओरडू लागले, "कैलासभाऊ, डोकं ठिकाणावर हाये का? उद्यापासून येऊ नका!"

"कोण रे तू?" आत्या म्हणाली. "पाणी पाजताना जात-गोत इचारतात काय? अन् याचा बाप मेला हाये. समाचाराले एक जण तरी आला काय तुमच्यातला?"

मी गिल्डमध्ये कुणाला काही सांगितलेच नव्हते. त्यांना वाटत होते, कैलास आळशी झाला. मग धम्मदीप हळूच म्हणाले, "सांगाचं ना भाऊ." त्यानंतर एकेक जण बोलला. कुणी बाबांचे वय विचारले, कुणी आजार. आमचा किल्ला तोपर्यंत पूर्ण जळाला.

माझे नाव राहिले. पण त्या नावाने आता आत्या खेळते. शत्रूचा तो सेनापती उपकार मानून आमच्याकडे आला आहे आणि धम्मदीप यांनी तिला उपप्रमुख केले आहे. काल मी थोडा वेळ फोन घेतला, तर गिल्डमधल्या एका मुलाने लगेच ओळखले आणि विचारले, "आजी कुठं गेली?"

असे आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
कैलास

ता. क. येताना तुमचा जुना फोन आणावा. मला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची आहे. आत्या म्हणते, जमले तर गिल्डमध्ये घेऊन पाहू.

ता. क. २. वर लवकर यावे असे लिहिले आहे. फोन बसच्या कंडक्टरजवळ दिला तरी चालेल. आत्या बाबांच्या खाटेवर बसून त्या पोरांना शिव्या देत असते, तेव्हा ती खाट रिकामी दिसत नाही. तुम्ही दिवाळीपर्यंत येऊ नये.