सामान नातेवाइकांना दिले

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.१०
जिममधल्या बाकावर बसून लिहितो आहे. नव्या बुटांच्या नाड्या आत्ताच बांधून झाल्या. गोंदियात येऊन आज नववा दिवस. राइस मिलमध्ये पोती मोजायचं काम मिळालं, खोली मिळाली, सगळं छान आहे. फक्त वजन ४९ किलो. मिलचे हमाल म्हणतात, "पोता उचलू नको बाबू, पोताच तुले उचलन." म्हणून जिम लावली. मालक चंद्रकुमारभैया यांनी सात नंबरचं लॉकर दिलं. सगळी लॉकरं त्यांनी एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या लिलावातून आणली. "लोहा देख, लोहा! मैं सड़ जाऊँगा, ये नहीं सड़ेगा." दाराच्या आतल्या बाजूला एक जुनी चिठ्ठी चिकटलेली आहे: 'सामान नातेवाइकांना दिले. सही.' नखाने खरवडून पाहिली, निघाली नाही. माझं नवं कुलूप लावलं. किल्ली गळ्यात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी, सकाळी ७.२५
टॉवेल चोरीला गेला. कुलूप लागलेलंच होतं. घडी मी स्वतः घातली होती, चार पदरी, निळी किनार वर. भैयांनी कॅमेरा दाखवला. त्यात माझ्याशिवाय लॉकरकडे कोणीच गेलेलं नाही. म्हणाले, घरी विसरला असशील. मी विसरत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज घड्याळ गेलं. बाबांची तेवढीच एक वस्तू माझ्याकडे होती. संध्याकाळी गावाहून, सौंदडहून, आईचा फोन आला. "सामान कायले पाठवून राहिला, बाबू? परवा टावेल, आज घड्याळ. नोकरी सोडली का?" पांढऱ्या शर्टातला एक माणूस आणून देतो म्हणे. वहीत तिची सही घेतो. चहा विचारला तर नको म्हणतो. आई हसत होती, तो तुझ्याहून लाजरा आहे म्हणाली. मी काहीच पाठवलं नाही, हे तिला सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
मुद्दाम जुनी चप्पल ठेवली होती, आतून बारीक नाव लिहून. गेली. दुपारी आईकडे पोहोचली, नावासकट.
जिम झाडणाऱ्या दुर्गाबाई पूर्वी त्याच दवाखान्यात झाडू मारायच्या. त्यांना विचारलं. त्या झाडता झाडता थांबल्या. "सातमध्ये मेलेल्याचं सामान राहे. आधी सामान घरच्यांले देत, सही घेत. मंग बॉडी. पण बिल भरल्याबिगर नाही देत बॉडी. तू कायले ठेवून राहिला तिथं?"
भैयांना सांगून जिम सोडली.

बुधवार, १२ फेब्रुवारी
जिमला गेलो नाही. मिलमधले बरेच जण कचारगडच्या जत्रेला गेलेत, मिलच्या वजनकाट्यावर मी एकटाच. फोन खिशात होता. खिशाला बटण आहे. बटण लागलेलं आहे. फोन नाही.
म्हणजे लॉकर लागतच नाही त्याला —

गुरुवार, १३
अंघोळीला बसलो. कमरेला करदोडा नाही.
लहानपणापासून आहे. जुना झाला की आईच बदलते, नवा बांधल्याशिवाय जुना सोडत नाही. माणूस मेला तरच तोडतात म्हणते. सगळी खोली शोधली. तीन वेळा. त्वचेवर त्याचा वळ आहे. तो —

शुक्रवार, १४
मिलच्या मुनीमजींच्या फोनवरून आईला फोन लावला. मी म्हणालो, आई, मी हिमांशू. ती रडत होती. म्हणाली, करदोडा माया हातात आहे. "माया पोराचा आवाज काढू नको रे, बाबा." तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला. उचलत नाही.
उद्या दुपारच्या गाडीने जातो. समोर उभा राहिलो की —
मुनीमजी म्हणाले, तुझे हात इतके थंड कसे.

शनिवार, १५, सकाळी ६.१०
गाडीला वेळ आहे. आधी लॉकर. कुलूप माझंच. उघडलं. आत बिल. नाव पूर्ण, बिनचूक — हिमांशू उदाराम कापगते, वय २१. उतरवून घेतो आहे. आईला दाखवायला —

खाट, १३ दिवस — ३,९००
सामान पोहोचवणे, ५ नग — २५०
एकूण — ४,१५०
काल जमा, सुमित्राबाई (आई) — ४,०००
बाकी — १५०

आई, भरू नको. आई —

खाली आणखी एक ओळ आहे. मघाशी नव्हती. शाई ओली —

आज जमा — १५०
बाकी —