ऐकण्यापुरतं रशियन

११ जानेवारी

चि. मैनेस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे काय, मी आणि सूनबाई. चिरंजीव जहाजावर गेलेत ते आता पावसाळ्यातच उगवतील. फोन न करता लिहितेय, कारण या घराच्या भिंती अशा की मी शिवणाच्या खोलीत खाकरले तरी स्वयंपाकघरात कळतं.

तर काम असं आहे की मला रशियन शिकायचंय. हसून घे. हसून झालं की पुढे वाच. पुढच्या वर्षी विहीणबाई रशियाहून राहायला येणार आहेत, त्यांच्यासमोर नुसती मान हलवत बसणं बरं दिसत नाही. तू इतकी वर्षं लोकांना ही भाषा शिकवतेस, तर घरच्या माणसाला चार युक्त्या सांग.

मी एक पुस्तक आणलंय. दुकानदार म्हणाला, यात सगळं आहे. ते खरंच होतं, म्हणूनच मला त्यातलं काही सापडत नाही. सध्या कापड कापताना कागद उडू नये म्हणून वर ठेवते, त्या कामाला उत्तम आहे. मग फोनवर एक ॲप घेतलं. ते मला रोज सांगतं की घोडा सफरचंद खातो. आमच्या घरात घोड्याचा विषय अजून कधी निघालेला नाही.

माझा प्रश्न एवढाच की ती अक्षरं न शिकता, नुसतं कानाने शिकता येईल का? मला काही लिहायचं नाही, फार बोलायचंही नाही. कुणी बोललं तर समजलं म्हणजे झालं. सूनबाई रोज संध्याकाळी तिच्या आईशी तासभर बोलते. त्या लोकांत आईला मामा म्हणतात, त्यामुळे आधी मला वाटायचं, हिचे मामा फारच हौशी दिसतात. मला ती आई म्हणते. त्या सगळ्या गडबडीत मधूनच ‘आई’ असा शब्द येतो, आणि मग दोघी हसतात. मी ते मनावर घेत नाही.

यातलं तुझ्या वहिनीला, म्हणजे सूनबाईला, काही कळू देऊ नकोस, तिला चकित करायचंय. दादाला माझा नमस्कार सांग आणि बिनसाखरेचा चहा पितोय ना ते बघ.

तुझ्या मास्तरकीचा अभिमान असलेली
आत्या

२० जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हसले, तू सांगितलंस तेवढंच हसले, मग आनंद झाला. बाबा म्हणाले की लहानपणी तुला पाढे शिकवताना दोन मास्तर बदलले, तेव्हा मी सांभाळून असावं. चहाबद्दल त्यांनी काही उत्तर दिलेलं नाही.

आता मी तुझ्याच दुकानातला प्रश्न विचारते. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की तू आधी विचारतेस, हे घालून कुठे जायचंय. मग माप, मग कात्री. भाषेचंही तसंच असतं. नोकरीसाठी एक पुस्तक लागतं, प्रवासासाठी दुसरं आणि वाचण्यासाठी तिसरं. तू विहीणबाईंशी गप्पा मारायच्या म्हणतेस, मग ते जाडं पुस्तक कागदावरच राहू दे. ते व्याकरण आलेल्यांसाठी आहे. मी एक बारीक पुस्तक पाठवतेय, बारा धड्यांचं, प्रत्येक धड्याचं बोलणं ध्वनिमुद्रित केलेलं आहे. ते फोनवर पाठवते.

अक्षरं मात्र टाळू नकोस. आपल्या लिपीत उच्चार लिहून घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि मग ती कुबडी जन्मभर सुटत नाही. शिलाईच्या कागदावर रोज चार अक्षरं गिरव. खिशातला छोटा शब्दकोश पुरे, मोठ्यात माणूस हरवतो. ॲप हवं तर ठेव, पण ते तोंडी लावायला, त्यावर पोट भरत नाही. वर्गात मी नव्या मुलांना सांगते की एक पुस्तक, एक ऐकायची सोय आणि एक माणूस, याहून जास्त सामान गोळा करू नका. बरेच जण सामानच गोळा करत बसतात, शिकायचं राहून जातं.

आणि माणसाचं म्हणशील तर तुझी गोष्ट काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आहे. तिला सांगून टाक ना. चकित करण्यात मजा आहे खरी, पण वहिनीला शिकवायला मिळालं तर त्यातही तिला मजाच वाटेल. त्या हसण्याचं म्हणशील तर दूर असलेल्या मायलेकी कशावरही हसतात.

आशीर्वादाबरोबर गृहपाठही मागणारी
मैना

१४ एप्रिल

चि. मैनेस अनेक आशीर्वाद.

बारीक पुस्तक गुणाचं निघालं. अक्षरंही आली, म्हणजे ओळख झाली, घरोबा नाही. रोज मशीनवर बसले की कानात ते बटण घालते आणि धडे ऐकते. गिऱ्हाइकाला वाटतं, आत्याबाई गाणी ऐकतात. पहिले दोन धडे मी गाळले. नमस्कार, आभार, माफ करा, आपण कसे आहात, असलं सगळं बोलायचं आहे त्यात. मला बोलायचं कुठे आहे? फोनमध्ये जागा नव्हती म्हणून ते पुसूनही टाकले. घरातलं, खाण्यातलं, नात्यातलं, रागालोभाचं असे धडे मात्र पाठ झालेत.

एकदा फजिती होता होता वाचले. वायर निसटली आणि फोन सगळ्या घराला ऐकू जाईल असा बोलायला लागला. मी मशीन इतक्या जोरात चालवलं की एका गृहस्थांच्या सदऱ्याची बाही बंदच शिवली गेली. सूनबाई तेव्हाच चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून येऊन चपला काढत होती. तिला काही कळलं नसावं.

पण मैने, तेव्हापासून एक बघतेय. आधी ती दार लावून आत बोलायची आणि भराभर बोलायची. आता शिवणाच्या खोलीत, माझ्या समोरच्या खुर्चीत बसते, आणि सावकाश एकेक शब्द तोलून बोलते. तोंडावर बोलायचं धाडस आलंय की जपून बोलायची गरज पडलीय, मला काही ठरवता येत नाही. ‘आई’ हा शब्द पूर्वीपेक्षा जास्त येतो. माझा कान अजून कच्चा आहे. सुटे शब्द कळतात, ओळ लागत नाही.

असो. सरावासाठी नेटवर एक संभाषण सापडलंय, ते तुझ्या फोनवर पाठवलंय. दोन बायका घरगुती बोलताहेत. सवड मिळेल तेव्हा त्याचा शब्दन् शब्द अर्थ लिहून पाठव. जसं आहे तसं लिही, गोड करू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली
आत्या

२३ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला बरेच दिवस लागले, कारण आधी राग उतरायची वाट पाहिली. तो उतरल्यावर खाली माझीच लाज निघाली.

तू पाठवलेलं मी सुरुवातीला थोडंसंच ऐकलं. इतकं स्वच्छ, इतकं सावकाश बोलणं मला कुठल्याही पुस्तकाबरोबर मिळालेलं नव्हतं. नवशिक्यांसाठीच बनवल्यासारखं होतं. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी ते मी वर्गात लावलं, पूर्ण न ऐकताच. वर्ग मोठा आहे, आवाज मागच्या बाकापर्यंत जायला हवा म्हणून मोठ्याने लावलं.

मग त्या बोलण्यामागे शिवणाचं मशीन सुरू झालं. आत्या, तुझ्या मशीनचा आवाज मी झोपेतही ओळखीन, दर काही टाक्यांनी ते अडखळतं. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या आवाजात झोपलेय. आणि पाठोपाठ त्या रशियनमध्ये ‘आई’ आलं. मी उठून बंद करेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. मुलांना बहुतेक सगळं कळलं होतं, इतकं ते सोपं होतं. पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं की हे धड्यातलं आहे की खरं आहे. मी खोटं बोलले. धड्यातलं आहे म्हणाले.

वहिनीचं तिच्या आईशी बोलणं अनोळखी माणसांनी ऐकलं, ते मी ऐकवलं, आणि तू चोरून घेतलंस. तुझं नाव पुढे करून मला माझी सुटका करून घ्यायची नाही. वापरण्याआधी ऐकायला हवं, हे पहिल्या वर्षाच्या शिक्षकालाही कळतं. आणि तू पहिल्याच पत्रात ते हसण्याबद्दल लिहिलं होतंस, तेही मी हसण्यावारी नेलं. मापाचा प्रश्न विचारला आणि उत्तर न तपासता कापड कापून मोकळी झाले.

अर्थ मी लिहून देणार नाही. तो माझा नाही आणि अजून तुझाही नाही. एवढंच सांगते की त्यात तुला येत नाही असा शब्द जवळजवळ नाही. सगळे त्याच बारा धड्यांतले आहेत. तुला ओळ लागत नाही, कारण तू दरवेळी वाईट शब्दाची वाट बघत ऐकतेस. शांतपणे बस, शब्दकोश जवळ घे आणि पुन्हा ऐक. आणि मग ते पुसून टाक. मी पुसलंय.

रागावलेली, आणि तरी तुझीच
मैना

१९ मे

चि. मैनेस आशीर्वाद. या खेपेला अनेक म्हणायला जीभ रेटत नाही.

ऐकलं. दुपारी दुकान बंद ठेवून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग शब्दकोश मिटला, कारण त्याची गरजच नव्हती.

ती तिच्या आईला सांगत होती की मामा, हळू बोल. आई आपली भाषा शिकतेय. ती आता इथेच बसलीय, शिवतेय. तिला वाटतं, मला ठाऊक नाही. मला चकित करायचंय तिला, म्हणून तूही काही बोलू नकोस, फक्त हळू बोल आणि सोपं बोल, म्हणजे तिला सापडेल. तिच्या आईने विचारलं की ती चांगली आहे का? सूनबाई म्हणाली, कडक आहे. मग म्हणाली, पण माझ्यासाठी शिकतेय. माझ्यासाठी आजवर कुणी शिकलं नाही, नवऱ्यानेही नाही.

तू बाराही धड्यांत शरमेला काय म्हणतात ते दिलेलं नाहीस. दिलं असतंस तरी मी तो धडा गाळला असता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तेच. इतके दिवस मी तिच्यासमोर सुई घेऊन बसायचे आणि ती माझ्यासाठी एकेक शब्द वेगळा काढून ठेवत होती, लहान पोराला घास करून द्यावा तसा. आणि मी त्या घासात खडा शोधत होते.

माफी मागायची ठरवली, आणि ती तिच्या भाषेतच मागायची. तर तोच धडा मी पुसलेला, आणि पुस्तकात शब्द दिसला तरी म्हणायचा कसा ते कळेना. तुझ्याकडे मागायला तोंड नव्हतं. मग तिलाच जाऊन विचारलं की तुमच्यात माफ करा कसं म्हणतात. तिचा चेहरा असा खुलला की माझ्याने बघवेना. तिला वाटलं, आज गुपित फुटलं, चकित करायचा दिवस आला. तिने मला समोर बसवलं आणि ‘प्रस्तीते’ म्हणायला शिकवलं. माझा जोर चुकत होता. तिने पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा म्हटलं. ती छान म्हणाली, परत म्हणा म्हणाली. मी मनापासून माफी मागत होते आणि ती माझा उच्चार सुधारत होती.

शेवटी राहवलं नाही. आपल्या भाषेत सगळं सांगितलं. कशासाठी शिकायला लागले ते, फोनवर तिचं बोलणं घेतलं ते, तुझ्या वर्गाचंही. ती जेवणाचं ताट तसंच ठेवून आत गेली. पुढे बरेच दिवस संध्याकाळी दार लावूनच बोलायची, पूर्वीसारखी भराभर. माझं मशीन चालू असायचं, पण काय शिवलं ते विचारू नकोस. कानात बटण घालायची हिंमत झाली नाही.

परवा सकाळी चहा घेताना तिनेच विषय काढला. म्हणाली, आधी ती आणि तिची आई हसायच्या ते माझ्यावरच. मी हाक मारली की घरातली भांडीसुद्धा ताठ उभी राहतात, असं ती सांगायची. म्हणजे माझा संशय अगदीच हवेतला नव्हता. एरवी मी हे सगळ्या गल्लीला ऐकवलं असतं. या वेळी नुसती मान खाली घातली. भांड्यांचं मात्र खरं आहे, ते तुला माहीतच आहे.

काल संध्याकाळी ती फोन घेऊन बाहेर आली आणि तो माझ्यासमोर कापडावर ठेवला. पडद्यावर विहीणबाई. पांढरे केस, चष्म्याच्या काचा लेकीनेच घासून पाठवलेल्या असणार. त्यांनी सावकाश माझी चौकशी केली आणि मी काहीतरी बोलेन म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं, समजतही होतं, पण नमस्कार म्हणायलासुद्धा मी शिकलेले नव्हते. माझ्याजवळ एकच शब्द होता, तोच म्हटला. या वेळी जोर बरोबर पडला.

विहीणबाई गोंधळल्या. त्यांनी लेकीला विचारलं की या कशाबद्दल माफी मागताहेत. एवढं मला कळलं. सूनबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग तिकडे वळून काहीतरी बोलली, बराच वेळ, भराभर. मला एक अक्षर लागलं नाही.

काय म्हणालीस, असं मी तिला विचारलं नाही. मशीनवरचं कापड सारखं केलं आणि तिच्यासाठी खुर्ची जवळ ओढली.

तुझ्या वर्गातल्या त्या बाईंना सांग की ते धड्यातलं नव्हतं. आणि गाळलेले दोन धडे पाठवू नकोस, ते मी घरीच शिकणार आहे.

दादाला नमस्कार. तुझा लोभ कमी झाला असेल तर तसाच राहू दे, मी हळूहळू तो परत मिळवीन.

तुझी
आत्या